मामाजींची टाच

१२ जुलै २०१४, मुर्री
मामाजी आज धानाच्या रोवणीवरून लंगडत आले. टाचेवरचा काळा डाग आता चिघळलाय! वर्षभर एकच ऐकतेय— काटा मोडला होता. आज पाय धुवायला पाणी दिलं तर खेकसले, "सासऱ्याचा पाय आहे सूनबाई, आरसा नाही. कायले पाहून राहिली?"

१५ जुलै
गोंदियाला नेलं, चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. चाकू लागला का बिमारी पसरते म्हणून मामाजी दारातूनच परतत होते. बाई म्हणाल्या, "कापत नाही बाबा, नुसतं पाहते." दिव्याचं भिंग टाचेवर टेकवलं. कॉम्प्युटरवर फोटो— केवढा मोठा! कातडीवरच्या रेघा दिसत होत्या, आणि काळा रंग त्यांच्या उंचवट्यांवर बसलेला. "खोलगट भागात असता तर एवढी काळजी नव्हती," बाई हळूच म्हणाल्या. कॅन्सरची शंका आहे. नक्की कळायला तुकडा काढावाच लागेल, नागपूरला.

मामाजी बघत राहिले. "हे माही टाच? नांगरलेल्या बांधीवानी दिसून राहिली!"

नागपूरला जायला तयार झाले. फोटो पाहूनच.

आमच्या ह्यांनी घरी येईस्तोवर बापाचा हात सोडला नाही.

२ ऑगस्ट
कॅन्सरच. जांघेतल्या गाठींपर्यंत गेलाय. बाई म्हणाल्या, वर्षभर आधी आणायला हवं होतं.

१९ सप्टेंबर
ऑपरेशन होऊनही उतार नाही. मामाजी खाटेवरून एवढंच विचारतात, "तिलक, बांधीत पानी आहे ना?" हे "आहे" म्हणतात आणि अंगणात जाऊन उभे राहतात.

६ डिसेंबर
मामाजी गेले.

१४ डिसेंबर
काल हे जेवताना एकदम ओरडले. "त्या मशीननंच मारलं बाबाले! फोटो काढेपर्यंत चांगले चालून राहिले होते!"

मी म्हटलं, भिंगानं काय केलं हो? टोचलंसुद्धा नाही.

हे थाळी सारून उठले. मीही जेवले नाही. मामाजींची ती खेकसणारी हाक आठवायला गेले— आवाजच येईना. इतक्यात विसरले!

२३ डिसेंबर
हे आज कुणाला न सांगता गोंदियाला जाऊन आले. आल्यावर मोजा काढला. पायाच्या अंगठ्याखाली डाग— मला कधी दिसूच दिला नाही! "बाबाचं पाहून भेव वाटे," म्हणाले, आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडले.

बाईंनी भिंग लावून पाहिलंय. तीच शंका आहे. पण म्हणाल्या— लवकर आलात.