मित्रोवित्सातलं न्हाणीघर

१४ ऑक्टोबर

काम बंद! पहिल्याच दिवशी!

पेरिशा मिस्त्रीने सकाळी परसात पाइपासाठी चर खणायला घेतला आणि तासाभरात कुदळ टाकून दारात उभा. "देसांकाताई, कौल लागलं." म्हटलं, लागलं तर काढ बाहेर. तर म्हणतो, "हे आपल्यातलं नाही. भलं मोठं आहे. जुनं."

जुनं! या गावात जुनं काय नाही? पलीकडच्या गल्लीत बँकेचा पाया खणला तर रोमनांची भिंत निघाली, बँक राहिली बाजूला. टोमॅटो लावायला खुरपं घातलं तरी मडक्याचे तुकडे. शहाणे लोक गुपचूप टोपलीत भरून सावा नदीत टाकतात. मीही तेच म्हटलं. पण माझ्या नवऱ्याने, मिलुतिनने, खिडकीतून ऐकलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात गेला, पाय गेला, जीभ मात्र शाबूत! "खबरदार! आधी संग्रहालयात फोन!" जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आता मला शिकवतोय.

केला फोन. ज्याच्यासाठी हे न्हाणीघर बांधायचं, तोच त्यात मोडता घालणार. त्याला धरून वरच्या मजल्यावरच्या संडासाकडे जिना चढवताना परवा आम्ही दोघंही कोसळलो, तो विसरला असेल. माझी कंबर विसरलेली नाही.

१५ ऑक्टोबर

संग्रहालयातून बिल्याना नावाची बाई आली. गुडघ्यावर बसून दुपारपर्यंत ब्रशने माती झाडत होती. मग हसत हसत वर आली. "मावशी, थडगं आहे! वर कौलं रचलीत, आणि एकावर ख्रिस्ताची खूण कोरली आहे. सोळाशे वर्षं तरी झाली असतील. हात लावू नका हं."

हात कोण लावतंय? मला तिथून संडासाचा पाइप न्यायचाय!

विचारलं, उघडणार कधी? म्हणाली, "समिती बसेल, मग ठरेल."

समिती बसेल. मिलुतिनने कुठे बसायचं?

१६ ऑक्टोबर

पाऊस. खड्ड्यावर तंबू ठोकून गेले. मिलुतिनसाठी पुन्हा खाटेवरच भांडं. दोघंही भिंतीकडे बघतो.

१९ ऑक्टोबर

शेजारच्या रोझालियाने कुंपणावर मेणबत्ती लावली. बरणीत घालून, वारा लागू नये म्हणून! विचारलं, हे काय? "अगं, ख्रिस्ताची खूण आहे म्हणजे कुणीतरी हुतात्माच. काल हात जोडले आणि माझा गुडघा थांबला." मी म्हटलं, माझाही दुखतो, तो का नाही थांबत? "तुझी श्रद्धा नाही."

संध्याकाळपर्यंत कुंपणावर सहा बरण्या. माझ्याच लोणच्याच्या असाव्यात त्यातल्या दोन.

२३ ऑक्टोबर

आज दोन्ही फादर एकाच वेळी दारात. आमचे ऑर्थोडॉक्स वुकाशिन आणि रोझालियाचे कॅथलिक इग्नात. एकमेकांना आधी आत जा म्हणून आग्रह, आणि आत आल्यावर कुणी कुणाला बोलू देईना.

वुकाशिनांचं म्हणणं, गावाचं नावच संत दिमित्रियेवरून पडलंय, त्याच्याच सोबत्यांपैकी कुणीतरी असणार. "ग्रीसमधले सलोनिकवाले दिमित्रियेला आपला म्हणतात. आता कळेल त्यांना!" इग्नात सौम्यपणे म्हणाले, बिशप इरिनेयला विसरून कसं चालेल.

"इरिनेयला पुलावरून नदीत फेकला," मिलुतिन खाटेवरून ओरडला. "इथे काय पोहत आला?"

इतकं हसला की ठसका लागला. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. मग चढलाच! आपलं गाव म्हणजे रोमनांचं सिर्मियम काय, सम्राट काय, अर्धं जग इथून चालायचं काय. मी कॉफीचे कप गोळा करता करता म्हटलं, तुझ्या सम्राटांनी गावभर न्हाणीघरं बांधली. मला एक बांधता येत नाही!



३० ऑक्टोबर

समिती बसली नाही. एक सदस्य आजारी.

२ नोव्हेंबर

समिती बसली. एक सदस्य नव्हता म्हणून उठली.

८ नोव्हेंबर

दिमित्रियेचा दिवस. आमच्या कुळाचाही संत तोच. या दिवशी बोलावणं नसतं, येईल त्याला वाढायचं. एरवी पंधरा-वीस येतात. आज अख्खी गल्ली! उकडलेला गोड गहू, पाव, वाइन, कोबीत गुंडाळलेला खिमा—केलं तेवढं दुपारीच संपलं. पाहुणे ताटं घेऊन थेट तंबूत. खड्ड्याच्या काठावर उभं राहून जेवत होते! चिखल सगळा माझ्या गालिच्यावर.

आणि भर पंगतीत मिलुतिनने मला खुणावलं. भांडं नको म्हणाला, लोकांसमोर नको. मग दोन पुतण्यांनी त्याला पोत्यासारखा उचलून जिन्याने वर नेला. खाली आणला तेव्हा डोळे पुसत होता. नंतर इतिहासाचा एक शब्द बोलला नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आपटलं. हुतात्मा असो, बिशप असो—गेला खड्ड्यात! आहेच तिथे!

१३ नोव्हेंबर

समिती शेवटी बसली. आज उघडलं.

परस भरलेलं. दोन्ही फादर गळ्यात प्रार्थनेचे पट्टे घालून. रोझालिया सगळ्यात पुढे, गुडघे टेकून. मिलुतिन म्हणाला, मला न्या. पेरिशा आणि मी खुर्चीसकट नेला.

बिल्यानाने एकेक कौल उचललं. एकावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा—ओलं असताना वरून चालत गेलं असणार. शेवटचं कौल निघालं आणि तिने ब्रश खाली ठेवला. मी वाकून पाहिलं.

केवढंसं! पावाच्या टोपलीत मावेल एवढं. मनगटाच्या जागी निळा मणी. खाली एक पातळ कौल उशीसारखं तिरकं ठेवलेलं, मान अवघडू नये म्हणून.

"वर्षाचंही नसेल," बिल्याना म्हणाली. "नाव नाही. काहीच लिहिलेलं नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे संत नाही?"

फादर वुकाशिनांनी लहानशी प्रार्थना म्हटली, इग्नातांनी खाली मान घालून ऐकली. मग दोघं बरोबरच गेले. मागोमाग गल्ली पांगली. रोझालिया मेणबत्ती विझवताना म्हणाली, "बिचारं." गुडघा पुन्हा दुखायला लागलाय म्हणे.

मिलुतिन हलेना. वारा सुटला तरी हलेना. शेवटी म्हणाला, "जन्मभर सम्राट शिकवले. हे मी कधी शिकवलंच नाही."

१५ नोव्हेंबर

बिल्याना आली. समितीचा निकाल झाला, एकदाचा! आता लहान पोरासाठी कुणाला बसायचं नाही. दोन मार्ग म्हणाली. हाडं पेटीत भरून संग्रहालयात न्यायची, मग खुशाल बांधा. नाहीतर आहे तिथेच ठेवून बुजवायचं, पण त्यावर कधीच काही बांधता येणार नाही. "दुसरा मार्ग कुणी निवडत नाही म्हणा."

म्हटलं, मग न्या! उद्याच न्या. थंडी तोंडावर आली. मिलुतिनही म्हणाला, "बरोबर आहे तिचं. न्हाणीघर हवंच." वाद नाही, काही नाही. मला उगाच राग आला.

दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा विचारलं, तिथे कुठे ठेवता? "तळघरात, मांडणीवर. पुष्कळ आहेत तिथे." मणी? "तो वेगळा. काचेच्या वस्तू वेगळ्या कपाटात."

१६ नोव्हेंबर

पेरिशाला सांगितलं, चर बुजव. बिल्यानाला फोन केला, ते आहे तिथेच राहू दे. न्हाणीघर माझ्या स्वयंपाकघरात काढायचं, पाइप पुढून न्यायचा. चूल वरच्या मजल्यावर जाईल. जिना मी चढेन.

मिलुतिन विचारत होता, का गं? म्हटलं, तू गप्प बस.