ताज्या पाण्यातले दाणे

३ मार्च, सोमवार
आज पुन्हा तेच. सकाळी लॅबमध्ये शिरले तर अभिजित काचेच्या लांब पन्हळीत नळाचा पाइप सोडून उभा, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर क्रिकेट. शुक्रवारी मी भरलेलं, माझा रन (प्रयोगाची एक फेरी) झालेलं, शनिवार-रविवार छान निवळलेलं पाणी गटारात. विचारलं, का?
"अगं, तुझ्या रननंतर मी नेहमीच फ्रेश वॉटर घेतो. तुझा तो साबण असतो ना त्यात. पर्सनली घेऊ नकोस, इट्स जस्ट गुड प्रॅक्टिस."
साबण म्हणजे भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. नदीतल्या गाळाऐवजी आम्ही सोडतो ते प्लास्टिकचे दाणे नीट भिजावेत, एवढ्यासाठी. गॅरेथ टाकतो, मी टाकते. हा शहाणा नाही टाकत.
पर्सनली घेऊ नकोस म्हणे.

५ मार्च, बुधवार
अ.ने मीटिंगमध्ये आपल्या दाण्यांचे व्हिडिओ दाखवले. बाई (प्रोफेसरबाई, तोंडावर नावानेच हाक मारते, इथे बाईच) खुर्चीतून उठल्याच. "दे आर क्लाइंबिंग! लुक अ‍ॅट दॅट!"
चार बोटं पाणी. एवढ्या उथळ प्रवाहात दाणे पुढे वाहत जातात आणि हळूहळू तळाशी बसतात. त्यांचं वर-खाली होणं इतकं किरकोळ की आमची सगळी गणितं ते सोडूनच देतात. अ.चे दाणे मात्र मध्यावरून उठतात आणि सरळ वर पृष्ठभागाला लागतात. हे खरं असेल तर पुरातला गाळ आपण समजतो त्याच्या कितीतरी पुढे जातो. मोठी गोष्ट आहे. खरी असेल तर.
माझे दाणे पन्हळीच्या तळाला रोवलेल्या खुंट्यांच्या मागे जरासे उचलले जातात, मग निमूट बसतात. "नाइस अँड क्लीन," बाई म्हणाल्या. चार वर्षं बर्मिंगहॅममध्ये काढल्यावर याचा अर्थ मला कळतो.
सप्टेंबरपासून पैसे एकाच जागेचे आहेत. अ. किंवा मी. ज्याला जागा नाही त्याने व्हिसा गुंडाळायचा.
बाहेर आल्यावर अ.: "अभिनंदन नाही करणार?"
केलं. दात दाखवले.

७ मार्च, शुक्र.
जळते आहे का मी? हो, जळते आहे. पण जळणाऱ्या माणसाचे डोळे गेलेले नसतात. दाणे पाण्यापेक्षा जड. ते उगीच वर जाणार नाहीत. काहीतरी

बस आली तेव्हा. पुढे लिहिलंच नाही.
ऑक्टोबरात हा नवीन आला तेव्हाचं आठवतं. "नागपूरची का? अच्छा. आडनाव?" सांगितलं. "अच्छा." दुसरं अच्छा चांगलंच लांब होतं. त्यानंतर कॉव्हेंट्रीला त्याच्या घरी अख्खी लॅब जेवून आली. माझं आमंत्रण म्हणे स्पॅममध्ये गेलं.

११ मार्च, मंगळ.
अक्षर घाण येतंय.
काल पन्हळ गॅरेथकडे होती. गॅरेथ वेल्सचा, पीएचडी करतो, साबणाची बाटली मोकळ्या हाताने पिळतो, आणि तेच हात पँटला पुसून सँडविच खातो. आज त्याच पाण्यात अ.ने आपले दाणे सोडले. तसेच. पाइप नाही, गटार नाही.
मी शेजारीच होते. "पाणी नाही बदललंस?"
"गॅरेथचंच होतं ना. चालतंय."
चालतंय!
बोलून गेला आणि स्क्रीनकडे वळला. काय बोललो हे त्याला कळलंही नसेल. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडले नाही. कान नुसते भाजत होते.
परत आले तर अ. वैतागलेला. त्याचे दाणे आज वर गेले नाहीत. माझ्या दाण्यांसारखेच खाली बसले. "फोकस गेलाय बहुतेक," म्हणाला आणि तो रन बाद केला. फोकस उत्तम होता. मी पाहिलाय.

१२ मार्च, बुध.
बसमध्ये डोक्यात लख्ख झालं. उशाशी नळाचं थंड पाणी भरून ठेवलं की सकाळी ग्लासला आतून बुडबुडे लागलेले असतात. नळाच्या गार पाण्यात हवा भरपूर, खोलीत गरम होऊ लागलं की ती बाहेर पडते आणि मिळेल त्याला चिकटते. ग्लासला चिकटते तशी दाण्यालाही. जड दाण्याला हवेचा तुकडा लागला की तो वर जाणारच. दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातली हवा आधीच निघून गेलेली असते.
दुपारी पन्हळ रिकामी मिळाली. ताजं पाणी भरून माझेच दाणे सोडले. गेले वर. पाणी तसंच ठेवून आलेय. वर चिठ्ठी: हात लावू नये.

१४ मार्च, शुक्र.
तेच पाणी, तेच दाणे. सगळे खाली.
म्हणजे याने माझं पाणी ओतून दिलं नसतं तर याला शोध लागलाच नसता. एकटीच हसले, मोठ्याने, वाईट हसले.

१६ मार्च, रवि.
बाबांचा फोन. सगळं सांगितलं.
"काहून बदलवते तो पाणी?"
"साबण म्हणतो."
बाबांनी मागचा टीव्ही बंद केला. मग, "मीटिंग कधी आहे म्हनली?"
"वीस मार्च."
"महाडच्या तळ्याच्या दिवशी?" हसू आलं त्यांना. मला नाही आलं. तारीख बाईंनी त्यांच्या सोयीने टाकली, बाईंना महाड कुठून माहीत. मला योगायोग आवडत नाहीत.
बाबा म्हणतात, आधी साहेब शिकायला राहिले त्या लंडनच्या घरी जाऊन ये, दर्शन घे, मग बोल. म्हटलं, बाबा, तिथे जाऊन काय बोलायचं ते कळेल, पण इंग्लिशमध्ये कसं बोलायचं ते नाही कळणार. बुडबुडे दाखवणं सोपं आहे. पाणी का बदललं जायचं हे त्या खोलीत कोणाला सांगू? सांगितलं तर मी जागेसाठी रडणारी बाई. नाही सांगितलं तर

१८ मार्च, मंगळ.
अ.ला आधी सांगितलं. एवढा तरी सरळपणा माझ्याकडे असावा म्हणून. किचनमध्ये, किटलीजवळ.
"तुझ्या पाण्यात हवा आहे. दाण्यांना बुडबुडे लागतायत."
चेहरा उतरला. मूर्ख नाहीये तो, लगेच कळलं त्याला. मग आवाज खाली आणून: "बाईंना एवढ्यात नको सांगूस. मी बघतो. तुझं नाव पेपरवर सेकंड टाकू आपण. इथे आपण मराठी माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यायला हवं."
आपण! पाच महिन्यांत पहिल्यांदा आपण.
चहा न घेताच निघाले.

२० मार्च, गुरु.
दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. ताजं पाणी, ठेवलेलं पाणी. फारसं बोलावं लागलं नाही. बाईंचा चेहरा लांबला, पण कबूल केलं: "वेल. दॅट्स दॅट." त्यांचा पेपर गेला. मला आनंद झाला का? झाला. थोडा वेळ.
मग बाईंनी अ.च्या नोंदी उघडल्या. हिच्यानंतर दर वेळी नवं पाणी. गॅरेथनंतर जुनंच. असं का?
"सोप," अ. म्हणाला.
"बट आय यूज लोड्स मोर दॅन शी डझ," गॅरेथ म्हणाला. भाबडेपणाने. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.
बाईंनी नोंदींवरून मान वर केली. अ. माझ्याकडे वळला आणि मराठीत, सगळ्यांसमोर: "सांग ना काहीतरी. तू समजावून सांग यांना."
मी! मी समजावून सांगू!
"इंग्लिश, प्लीज," बाई.
"आय वुड लाइक टु नो टू," मी म्हटलं. अ. लॅपटॉप मिटू लागला. खोली पुढच्या लोकांना हवी होती, ते दारात. बाई म्हणाल्या, उद्या सकाळी माझ्याकडे या, दोघंही.

२१ मार्च, शुक्र., बाईंच्या खोलीबाहेर
मी या खुर्चीवर, अ. एक खुर्ची सोडून. दाढी केलेली नाही.
आत्ता म्हणाला, "तुला माझं करिअर संपवायचंय का?"
"कारण हवंय. तुझ्या तोंडून."
बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "मला खरंच माहीत नाही गं, मी का बदलायचो. हात आपोआप नळाकडे जायचा."
पहिल्यांदाच मला त्याचं खरं वाटलं. आणि राग कमी व्हायचा सोडून असा चढला की पेन दाबून कागद फाटलाय. खोटं बोलला असता तर त्याचं खोटं पकडता आलं असतं. आता हे मी कोणत्या इंग्लिशमध्ये
बाईंनी दार उघडलंय. आधी कोण बोलणार, विचारतायत.