कोरीच्या रिव्हॉल्व्हरची व्यवस्था

मी, ओलेटा ब्रॅनम, कै. वेंडेल ब्रॅनम यांची पत्नी, राहणार मस्कोगीजवळ, ओक्लाहोमा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे लागलेलं नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. याआधीचं काही सापडल्यास ते रद्द समजावं. पुढची सगळी व्यवस्था माझी मुलगी मार्ला हिने पाहावी.

घर, मागची जमीन आणि बँकेतली शिल्लक मार्लाची. घर विकावंसं वाटलं तर खुशाल विकावं.

पुस्तकं गावच्या वाचनालयाला. आठवीनंतर मी शाळा पाहिली नाही. जे वाचलं ते बंदुकांच्या बाजारात, वेंडेल जिथे बंदुका विकायचा त्या टेबलामागे खुर्ची टाकून. पानांवर बंदुकीच्या तेलाचे डाग आहेत, ते चालवून घ्यावेत.

वेंडेलच्या शिकारीच्या रायफली परवानाधारक दुकानात द्याव्यात, जिथे घेणाऱ्याची पोलिसांतली नोंद तपासतात. बाजारात विकू नयेत, तिथे तशी तपासणी लागत नाही. पूर्वी तिथे माणसं आजोबांची बंदूक खांद्यावर टाकून, नळीत काडी खोचून, काडीला किमतीची चिठ्ठी लावून फिरायची. थांबवलं की आजोबांपासून सुरुवात करायची. वेंडेल अनोळखी माणसाला बोलतं केल्याशिवाय विकत नसे. "हरणासाठी एवढी मोठी? मग खाणार काय, शिंगं?" असं म्हणून तो समोरच्याचा चेहरा बघायचा. नाही पटलं तर "ही विकली गेली रे बाबा" म्हणत बंदुकीवर कापड टाकायचा. आता लष्करी धाटणीच्या काळ्या बंदुकांच्या रांगा आणि झेंडे. वेंडेल गेल्यावर मी टेबल चालवत होते, तेव्हा एकाला दोन प्रश्न विचारले, तर म्हणाला, "आजी, विकायचंय की उलटतपासणी घ्यायचीय?" त्यानंतर मी गेले नाही.

तरी जुन्या बाजाराचे गोडवे मी गाणार नाही. माझा मुलगा कोरी गेला तो त्या जुन्या, चांगल्या बाजारामुळेच.

बायको सोडून गेल्यावर कोरीचं जेवणखाण सुटलं होतं. वेंडेलने घरातल्या बंदुका कुलपात घालून किल्ली स्वतःजवळ ठेवली. असल्या गोष्टी बाजारात कोणी बोलत नाही. कोरी शेजारच्या रांगेत बॉइड टकेटच्या टेबलापाशी गेला आणि रिव्हॉल्व्हर घेऊन आला. बॉइड वेंडेलचा तरुणपणापासूनचा मित्र, आमच्या ताटात जेवलेला. परक्याला विचारायचं, घरच्याला विचारायचं नाही, ही त्या सगळ्यांची रीत. दफनानंतर बॉइड मला म्हणाला, "ओलेटा, तुमचा पोरगा तो. त्याला काय विचारायचं? उलट तुमचा म्हणून कमीतच दिलं." कायद्याने त्याचा काही गुन्हा नव्हता. वेंडेल शेवटपर्यंत आपल्या रांगेत बसला, बॉइड आपल्या. दोघं त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

कोरीने स्वतःवर झाडलेलं ते रिव्हॉल्व्हर चौकशी संपल्यावर शेरीफने परत दिलं. ते माझ्या कपाटात आहे. बॉइड येतो तेव्हा म्हणतो, "मला दे. नदीत टाकून येतो. तुझ्या घरात ते नको." मी म्हणते, "तुला ते डोळ्यांआड करायचंय, बॉइड. मला नाही." माझ्यामागे मार्लाने ते वेल्डरकडे नेऊन, समोर उभं राहून, कापून घ्यावं. तुकडेसुद्धा कोणाला देऊ नयेत.

बॉइड टकेट याला मी काही ठेवलेलं नाही. ते निव्वळ रागाने नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं मी कायद्याच्या पुस्तकात वाचलं, आणि मला साक्षीदार बॉइडच हवा आहे. मी त्याला माफ केलेलं नाही. ते काम मार्लावर टाकता येण्यासारखंही नाही. म्हणून त्याला आज बोलावलं आहे. तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून विचारतो आहे, "सही कुठे करू?"

मी म्हटलं, "आधी वाच. पहिल्या ओळीपासून. मोठ्याने."

सही: ओलेटा ब्रॅनम
स्थळ: राहतं घर, मस्कोगीजवळ
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार:
१. डोरीन पेस, शेजारीण
२. बॉइड टकेट. बाकी सगळं वाचलं. कोरीचा भाग मला वाचता आला नाही, तेवढा ओलेटाने वाचून दाखवला.