दादासोंची दोन अक्षरं

१० ऑक्टोबर १९७६, रविवार

केलं. करायला नको होतं ते करून बसलो! 

दादासोंचं तेरावं गुरुवारी झालं. लष्कराच्या सिग्नल्समधले सुभेदार. पेन्शनीत आल्यावर मिरजेच्या घरी स्वतः वायरलेस सेट बांधला, रीतसर सरकारी परवाना काढून. त्यावर मोर्समध्ये, म्हणजे तारेसारखं कळ दाबून कसं बोलायचं, ते मला सात वर्षं त्यांनीच शिकवलं. आज गेलो होतो तो सेट पुसून, झाकून ठेवायला. म्हटलं, झाकण्याआधी जरा ऐकावं. लावला, तर नऊच्या ठोक्याला बेंगलोरचा माणूस दादासोंनाच हाक मारतोय! दर रविवारसारखी. ते गेल्याचं त्याला काय ठाऊक? एकदा, दोनदा, तीनदा.

दादासोंच्या बायको, आक्काताई, दारात येऊन उभ्या. "राजाराम, कोन हाय रं?"

"दादासोंना बोलावत्यात, आक्का."

"मग जबाब दे की! मानूस हाका मारतंय आन् आपुन गप ऱ्हायाचं?"

मला परवाना नाही. पण ते गेले एवढंच कळवावं म्हणून बसलो, आणि दादासोंच्याच कॉलसाइननं, म्हणजे त्यांच्या वायरलेसवरच्या नावानं जबाब दिला. त्यांची ती दोन अक्षरं माझ्या हातातून! पुढं "वारले" पाठवायचं, तर पाठवलं काय — "तब्येत बरी नाही." का, ते मलाच कळत नाही.

११ ऑक्टोबर

ती दोन अक्षरं इथे लिहिणार नाही. वही कुणाच्या हाती लागली तर?

आधी देशाची खूण असते, मग माणसाची स्वतःची अक्षरं. जुन्या लोकांना स्वतःची दोनच. नव्यांना आता तीन देतात म्हणे. दोनवाला बोलायला लागला की बाकीचे आपोआप थांबतात. त्यात दादासोंची अशी, की पाठवताना बोटांना काही करावंच लागत नाही. ऑगस्टात मी परीक्षा पास झालो, परवाना यायचाय. तेव्हा मिळतील ती अक्षरं घेणार होतो. पण तेराव्याच्या पंगतीत पानावर बसलो आणि मनात आलं — आता ती रिकामी झाली! लाज वाटते. तरी ती मला मिळावीत म्हणून उद्या दिल्लीच्या परवाना खात्याला पत्र टाकणार.

१७ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा बसलो. आक्कांनी चहा आणून ठेवला, दादासोंच्याच कपात.

बेंगलोरवाल्याने विचारलं, हात बदललाय का? तारवाल्यांना कळ दाबणारा हात लगेच ओळखू येतो. मी स्वतः तार ऑफिसात तार घेताना पलीकडे कराडचा माणूस आहे की कोल्हापूरचा, ते नाव न विचारता सांगतो. पाठवलं, "हाताला लागलंय." मेलेल्या माणसाच्या हाताला!

२४ ऑक्टोबर

आजही. पण हे शेवटचं.

३१ ऑक्टोबर

शेवटचं म्हणालो होतो ना! सवय लागली की काय मला?

४ नोव्हेंबर

दिल्लीचं उत्तर आलं. परवानाधारक हयात नसल्यास वारसाने तसं लेखी कळवावं, मूळ परवाना परत करावा, त्यानंतर विचार करू. म्हणजे सगळं आता आक्कांच्या हाती.

आणि इथेच खरी गोम आहे. सरकारची माणसं ठिकठिकाणी कानाला हेडफोन लावून बसलेली असतात, कोण कधी बोललं ते टिपून ठेवतात, हे मला दादासोंनीच सांगितलेलं. आक्का मृत्यूची तारीख कळवणार, पंचवीस सप्टेंबर. आणि दादासो ऑक्टोबरात चार रविवार बोलतायत! कुणी कागदाला कागद लावून बघितला तर?

दिवसही कसले, आणीबाणीचे. आमच्या गल्लीतल्या नाथाजी मास्तरांना श्रावणात जीपमधून नेलं, अजून पत्ता नाही. त्यांनी नुसतं एक पत्रक छापलं होतं. मी तर बिनपरवाना वायरलेस चालवला, तोही सरकारी तारबाबू असून! नोकरी गेली तर गावी म्हसवडला कुठल्या तोंडानं जाऊ? आमच्या घरात सरकारी पगार आणणारा मी पहिलाच.

शहाण्या माणसानं तीन अक्षरं घ्यावीत आणि गप्प बसावं. कळतं पण वळत नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

सेटला हात लावला नाही. पलीकडून हाका येत असतील, हा विचार दिवसभर डोक्यातून जाईना.

आक्कांना दिल्लीचं पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, "भिताडावरचा कागुद काढून देऊ व्हय? त्येवडाच तर ऱ्हायलाय त्यांचा." यावर मुकाट उठायला हवं होतं. तर मी म्हणतो, "आवं आक्का, उद्या ती अक्षरं कुना परक्याला दिली म्हंजे?"

"बगू," म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर

पुन्हा विचारलं.

२१ नोव्हेंबर

पुन्हा. मनू कडाडली, "त्या बाईला जगू द्या की जरा!" बायकोचं खरं आहे.

२३ नोव्हेंबर

आक्का स्वतः आमच्या ऑफिसात आल्या! मिरजेहून बसने, एकट्या. हातात लाखेनं बंद केलेलं पाकीट. आत परवाना आणि पत्र. पत्र भाच्याकडून लिहून घेतलंय. तो कोर्टात कारकून आहे, त्यामुळे इंग्रजी झ्याक. मीच रजिस्ट्रीच्या खिडकीशी नेलं, मीच पावती करून घेतली.

आत काय लिहिलंय ते बघावंसं फार वाटलं. पण बारा वर्षांत परक्याचं पाकीट उघडलेलं नाही. आजही नाही. नुसतं विचारलं, तारीख नीट घातली ना?

"समदं नीट लिवलंय. कायसुदिक ठेवलं न्हाई."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला मात्र सुटका झाल्यासारखं वाटलं.

३ डिसेंबर

पोलीस!

सकाळी दारात हेडकॉन्स्टेबल हंबीरराव. मनूचे कणकेचे हात परातीतच राहिले. परवान्याआधीची चौकशी म्हणे, दिल्लीहून कागद आलाय. त्यांनी छपरावरची, मी नुसतं ऐकायला बांधलेली एरियलची तार खालून न्याहाळली.

"ह्यातनं पाकिस्तानात बोलता येतंय व्हय?"

"नाही हो साहेब."

"आजपातूर कुनासंगं बोल्लाय?"

"कुणाशीच नाही," म्हणालो. खोटं! तोंडावर!

"मास्तरावानी पत्रकं-बित्रकं?"

मनूच मधे पडली. "त्यास्नी हापिस सुटलं की झोप येती, पत्रकं कवा छापत्याल?" हंबीरराव हसले. दोन बशा पोहे खाल्ले, वहीत "वर्तणूक चांगली" लिहिलं आणि गेले. मी मोरीत जाऊन ओकलो.

११ डिसेंबर

दिल्लीचं कार्ड! पोलीस अहवाल अनुकूल. वारसाचं पत्रही पोचलंय, वाचून योग्य तो निर्णय घेऊ. योग्य तो! म्हणजे ती दोन अक्षरं माझी झाल्यातच जमा. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. मनूलाही हसू आवरेना. उगाच भीत होतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! सेटकडे आता परवाना हातात येईपर्यंत बघायचंसुद्धा नाही. उद्या आक्कांना पेढे.

१२ डिसेंबर, रविवार

आक्कांनी पेढा दादासोंच्या फोटोपुढे ठेवला. मग म्हणाल्या, "म्या बी तुज्यासाटी चार सबुद घातलं हुतं त्या पत्रात."

कसले, म्हटलं.

"ह्येच की, मालक गेल्यावर चार ऐतवार ह्या पोरानं सेट गप ऱ्हाऊ दिला न्हाई. मालकांच्याच नावानं जबाब देत बसायचा. लय इमानी हाय, अक्षरं त्यालाच द्या. भाच्यानं तारखा बी घातल्यात, चारी. मंजी दिल्लीवाल्यास्नी खरं वाटंल."