टाकी तीन, दुपारी २.५२

मंगळवार, ११ मार्च २०२५

झालं एकदाचं अपडेट. पुण्याहून तो सॉफ्टवेअरवाला वरद महिनाभर डोकं खात होता — नवीन आवृत्ती बसवा, नाहीतर एप्रिलपासून आमची जबाबदारी नाही. बसवली बाबा.

सर्व्हर एक, माणसं बारा. सगळ्यांच्या टेबलावर नुसते पडदे. खरं काम चालतं ते माझ्या खोलीतल्या त्या एका डब्यात, आणि बाराही जण उघडतात ती नोंदींची फाइलसुद्धा एकच. ती बदलायची तर सगळे बाहेर पाहिजेत. आणि बाहेर पडायचं म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणाला कळत नाही! कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारतात आणि चहाला जातात. पडदा मिटतो, पण माणूस सर्व्हरच्या आत तसाच बसलेला. मग एकेकाला हाकलत बसायचं, गुरं हाकलावीत तसं.

पाळी बदलायची वेळ मुद्दाम निवडली. पावणेतीन ते सव्वातीन. सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं, सगळ्यांचे अंगठे आले. शेवटी एक जण उरला होता त्याला बाहेर काढलं, तीन वाजून चार मिनिटांनी नवीन फाइल बसली. वरद म्हणाला, "मॅडम, एकदम स्मूथ."

साडेचारला प्लांटमध्ये आरडाओरडा. टाकी तीनमध्ये धुवायला उतरलेला माणूस बेशुद्ध. हरेश नाव, कंत्राटी आहे. ॲम्ब्युलन्स आली. रबाळ्याहून घरी येईपर्यंत एवढंच कळलं.

बुधवार, १२ मार्च

हरेश व्हेंटिलेटरवर.

टाकीत नायट्रोजन सोडलेला होता. वास नाही, रंग नाही, आत उतरलं की दोन श्वासांत माणूस खाली. नायट्रोजन चालू असला की ऑपरेटरने सिस्टिमवर तशी नोंद करायची, म्हणजे पुढच्या पाळीच्या पडद्यावर टाकी लाल दिसते. काल टाकी तीन हिरवी होती. सकाळची नोंद — 'धुण्यास तयार, हवा ठीक'. त्यानंतर काही नाही. पाळी होती सितारामकाकांची. जानेवारीत कागदाचं रजिस्टर बंद केलं, तेव्हापासून सगळं सिस्टिमवरच.

काकांना साहेबांच्या केबिनमध्ये उभं केलं होतं. मलाही बोलावलं. साहेब म्हणाले, "उन्नती, बघ, नोंद आहे का?" मी सगळ्यांसमोर उघडून बघितलं. म्हटलं, "नाही सर."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "मी लिवलंय ताई. टाकी तीन, नायट्रोजन चालू. तुमीच शिकवलंय न्हवं — लिवायचं, सेव्ह करायचं, मग बाहेर पडायचं. तसंच केलं. सेव्ह झालं आन् मंग पडदाच काळा झाला."

कोणीतरी हसलं. पडदा काळा झाला म्हणे.

मी हसले नाही. जेवण गेलं नाही. पडदा कशाने काळा होतो ते त्या केबिनमध्ये मला एकटीला माहीत होतं. दोन अठ्ठावन्नला मी ज्याला हाकललं, ते कोण होतं?

गुरुवार, १३ मार्च. होळी.

सकाळी लवकर जाऊन बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

क्रम असा असतो: आधी माणसं बाहेर, मग फाइलची प्रत काढायची, तिच्यावर अपडेट चालवायचं, आणि ती प्रत जुन्या फाइलच्या जागी ठेवायची. अपडेट चालायला वीस मिनिटं लागतात. मी वेळ वाचवला. प्रत दोन चाळीसलाच काढून घेतली आणि ती तयार होईपर्यंत माणसांना हाकलत बसले. म्हणजे दोन चाळीसनंतर जे कोणी लिहिलं ते जुन्या फाइलमध्ये गेलं. आणि जुनी फाइल मी बाजूला टाकली.

ती फोल्डरमध्ये आहे. उघडली. शेवटची ओळ —

'टाकी ३. नायट्रोजन चालू. आत कोणी जाऊ नये. सिताराम. दुपारी २.५२.'

त्यांनी लिहिलं होतं. सेव्ह केलं होतं. अख्ख्या कंपनीत नीट बाहेर पडणारा हा एकटा माणूस. दोन दिवस शेजारी बसून मीच शिकवलं होतं, सगळ्या पायऱ्या वहीच्या कागदावर लिहून त्यांनी खिशात ठेवल्या होत्या. तो कागद घामाने पिवळा झालाय.

फोल्डर बंद केलं. कोणाला बोलले नाही.

संध्याकाळी आमच्या तळवलीत होळी लागली. आई नारळ घेऊन गेली. मी दारातच बसून राहिले.

शुक्रवार, १४ मार्च

बाबांना सांगितलं. राहवलंच नाही.

बाबा म्हणाले, "त्या टाकीन तू ढकललंस का त्याला? नाय ना? मंग गप र्‍हा." थोड्या वेळाने परत — "जमनी गेल्या, मिठागरां गेली, त्याच्या बदल्यान घरान ही एक नोकरी आली हाय. ती तू तुज्या तोंडान घालवशील?"

बाबा वाईट माणूस नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढे कधी वाचलं तर तसं वाटेल.

शिवाय खरंच, आत उतरण्याआधी मीटरने हवा पुन्हा मोजायची असते. ती कोणी मोजली नाही. पडदा हिरवा बघितला आणि सोडलं आत. ती माझी चूक आहे का? नाही ना.

शनिवार, १५ मार्च

गेटवर सितारामकाकांची मुलगी. मैत्री नाव तिचं. नर्सिंगला आहे, ड्रेसवरच आली होती. वॉचमन आत सोडेना म्हणून मी बाहेर गेले.

म्हणाली, "मॅडम, बाबा खोटं बोलत नाहीत. पण घरी कोणी काही विचारलं की नुसते तो कागद काढून बघत बसतात. सिस्टिममध्ये कुठे अडकलं असेल तर सापडतं का हो?"

मी म्हटलं, "बघते." बघते! माझ्या तोंडून हा शब्द कसा निघाला?

तिने नंबर दिला. "काही सापडलं तर कळवा, कधीही." नुसता नंबर सेव्ह केला.

सोमवार, १७ मार्च

हरेश गेला. सकाळी सव्वानऊला.

मंगळवार, १८ मार्च

नंदिनी नाव आहे हरेशच्या बायकोचं. काल कंपनीच्या गेटवर येऊन बसली होती. रडत नव्हती, नुसती आत बघत होती. मी मागच्या दाराने गेले.

आज खरं लिहायचं. अकरा तारखेला मी इथे लिहिलंय की सगळ्यांचे अंगठे आले. खोटं आहे ते. अकरा आले. मेसेज कोणी वाचला ते दाबून बघता येतं, आणि मी बघितलं होतं — सितारामकाकांच्या नावापुढे एकच खूण. प्लांटमध्ये मोबाइल चालत नाही, ठिणगीची भीती असते. सगळे मोबाइल गेटवरच्या पेटीत. ऑफिसातल्या अकरा जणांना मोबाइलवर कळलं, आणि प्लांटातल्या त्या एकाला कळणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

दर वेळी मी खाली जाऊन सांगते. त्या दिवशी गेले नाही. ऊन होतं. खाली जायचं तर हेल्मेट, बूट, सही. शिवाय वरद फोनवर — "मॅडम, एकच युझर आहे ना? मारा लॉगऑफ, किती वेळ थांबणार?" पडद्यावर काकांच्या नावापुढे 'चालू' असं लिहिलेलं होतं. फुली मारून गेलेल्यांपुढे 'चालू' येत नाही. समोर जिवंत माणूस बसलेला असतो तेव्हाच येतं.

मारलं लॉगऑफ.

बुधवार, १९ मार्च

स्टोअरमधल्या, आमच्याच तळवलीच्या दिपेशला सांगितलं. त्याच्याशिवाय या कंपनीत मला बोलायला आहे कोण. त्याने ऐकून घेतलं आणि वडापावचा कागद चुरगळत म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. जुन्या फाइली पंधरा दिवसांनी आपोआप उडतात, तूच लावलंयस ना तसं? मग थांब फक्त. तुला काय करायचंच नाय. काय केलंच नाय तर चूक कसली?"

हिशोब सोपा आहे. अकरा अधिक पंधरा. सव्वीस तारीख.

लाज वाटते, पण ऐकून बरं वाटलं. पहिल्यांदा नीट झोपले.

गुरुवार, २० मार्च

झोपेची फेड झाली आज. काकांना निलंबनाचा कागद दिला. तो घेऊन ते सरळ माझ्या खोलीत आले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दारात उभे राहिले, चप्पल बाहेर काढून. माझ्या खोलीत कोणी चप्पल काढत नाही. म्हणाले, "ताई, रागावू नगा. रोज आठवून आठवून बघतो. आदी वाटायचं लिवलंय. आता वाटतंय, नसंल लिवलं. एकोणीस वरसं झाली हितं, कवा चुकलो न्हाई, पर वय झालं. तुमी म्हनता नोंद न्हाई, तर नसंलच. मशीन कशाला खोटं बोलंल?"

मी म्हटलं, "बसा काका." बसले नाहीत.

"त्या पोराला मी मारलं," म्हणाले. "त्याची बायको गेटावर हाय. तिच्या फुडं जायाला पाय उचलत न्हाई."

ती फाइल माझ्या हातापासून दोन टिचक्यांवर होती. दोन. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

शुक्रवार, २१ मार्च

गेले नाही कामाला. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "थंड हाय की गो."

सोमवार, २४ मार्च

चौकशी झाली. बाहेरचे दोन साहेब, आमचे साहेब, मी, काका. मला एकच प्रश्न. "अकरा तारखेला सिस्टिम व्यवस्थित चालू होती?"

"हो."

एक अक्षर. नंतर पुढचं काही विचारलं असतं तर मी कदाचित सांगितलं असतं. असं मी आता म्हणतेय. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

काकांनी सही केली — 'नोंद करण्यास माझ्याकडून विस्मरण झाले.' विस्मरण हा शब्द काकांचा नाही, कोणीतरी लिहून दिलेला. सही करताना खिशातून पेन काढलं, त्याबरोबर तो पिवळा कागद बाहेर आला, खाली पडला. त्यांनी उचलला नाही. मी उचलला. माझ्याकडे आहे. खाली शेवटची ओळ, पेन्सिलीने — 'मग बाहेर पडायचे. उन्नतीताई.'

उद्या सांगणार. फाइल अजून आहे. साहेबांकडे जाणार, उघडून दाखवणार, जे व्हायचं ते होऊ दे. नोकरी जाईल, पोलीसही येतील कदाचित. पण उद्या सांगणार. एक दिवस हातात आहे.

मंगळवार, २५ मार्च

फोल्डर रिकामं.

काल रात्रीपर्यंत होती. पुसली कोणी ते सर्व्हर सांगतो — माझंच नाव, सकाळी आठ दहा. आठ दहाला मी घरी चहा पीत होते. माझा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे, वर्षानुवर्षं. दुसऱ्यांना शिकवणारी मी!

दिपेशकडे गेले. त्याने मान वर केली नाही. "काल तुझं तोंड बघितलं चौकशीनंतर. तू बोलणार होतीस. तुझी आई माझ्या आईला भेटून रडली, माहितेय? उगाच एक दिवसासाठी कशाला रिस्क?" मग हळूच, "मला थँक्स नको बोलू."

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. सुटल्यासारखं वाटलं. दोन्ही हात मोकळे झाल्यासारखे. लाज नंतर आली, जिना चढताना.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "बरा झाला. सुटलीस." आईने पुरणपोळी केली. मी खाल्ली. दोन खाल्ल्या.

बुधवार, २६ मार्च

आता सांगायचं म्हटलं तरी पुरावा नाही. कोण विश्वास ठेवणार? सांगून काकांना तरी काय मिळणार? झालं ते झालं.

गुरुवार, २७ मार्च

कालचं पान खोटं आहे.

एक गोष्ट मी या वहीलाही सांगितली नव्हती. होळीच्या दिवशी फोल्डर बंद करण्याआधी मी मोबाइलने पडद्याचा फोटो काढला होता. फाइलचं नाव, तारीख, २.५२, काकांची ती ओळ — सगळं स्वच्छ वाचता येतं. चौदा दिवस फोटो माझ्या खिशात होता. काका दारात चप्पल काढून उभे होते तेव्हाही.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मैत्रीला पाठवला. खाली लिहिलं — 'बाबांनी लिहिलं होतं. मी पुसलं. साहेबांना, पोलिसांना, नंदिनीताईंना, सगळ्यांना दाखव. उन्नती गोटीराम पाटील.'

एक खूण आली. मग दोन. मोबाइल हातात धरून बसले. एक सतराला निळ्या झाल्या.