पाच पळ्या तीर्थ

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ११.
देवीदासच्या संत्र्याच्या बागेत गाडीपूजा. चिखलदऱ्याच्या कुठल्याशा रिसॉर्टने काढून टाकलेली जुनी एटीव्ही. जाड टायरची चारचाकी बाइक. मागे औषधाची टाकी जोडून फवारणी करणार. फळगळ सुरू आहे, म्हणून घाई. हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं झालं. मग मला वाटलं, शुद्धी नुसती वरूनच कशाला? देवीदास नारळ फोडत होता, तेवढ्यात पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून तुळस घातलेलं तीर्थ पाच पळ्या आत सोडलं. कुणी पाहिलं नाही. मन प्रसन्न.

३ ऑक्टोबर.
गाडी सुरू होते, खोकते, बंद पडते. देवीदासने मलाच बोलावलं. शेंदूरजनाघाटात पौरोहित्य पिढीजात असलं तरी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. निदान: प्लग. पॉलिश पेपरने घासून लख्ख केला. उद्या धावेल.
पेट्रोलपेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं. आठवीचा धडा. उगाच आठवला.

४ ऑक्टोबर.
धावली नाही. नवं निदान: एअर फिल्टर. झटकला. धूळ निघाली, म्हणजे दिशा बरोबर आहे.
झाडांखाली हिरव्या फळांचा सडा. देवीदासची बायको जयवंता वीस लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारत होती. त्या ओझ्यानिशी वाकून मला नमस्कार केला. लाज वाटली. ठरलं. उद्या खरं काय ते सांगून टाकायचं.

५ ऑक्टोबर, रविवार.
त्यांच्याकडे पाहुणे होते. पाहुण्यांसमोर असं सांगणं बरं दिसत नाही. त्यापेक्षा यूट्यूब बघून कार्बोरेटर उघडला, पुसला, लावला. एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे देत असाव्यात. गाडी पाच मिनिटं झकास चालली! मग खोकली.

६ ऑक्टोबर.
देवीदासने हात टेकले. विचारलं, "महाराज, हिले आता झालं तरी काय?" माझ्या तोंडून निघून गेलं की पेट्रोलमध्ये पाणी आहे. निदान शंभर टक्के अचूक. पण तो विचारू लागला, पाणी आलं कुठून? म्हणालो, कॅन धुऊन ओला राहिला असेल. कॅन जयवंता धुते, हे मला माहीत होतं. तो तिला मजूर बायांसमोर नाही नाही ते बोलला. तिने पंप पुन्हा पाठीवर घेतला. चार दिवस ती पाठ मोडून घेतेय, आणि वर हे.
खोटं मी बोललो नाही. "असेल" म्हणालो. जेवण गेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
आज सांगणारच होतो. निम्म्या वाटेत राहुकाळ लागला. संपला तेव्हा मी घरी पोचलो होतो.

८ ऑक्टोबर. संध्याकाळ.
मन घट्ट करून गेलो. पाहतो तर एटीव्ही बागेत भन्नाट पळतेय, वर देवीदास! सुटलो असं वाटलं. तेवढ्यात जयवंताने बांधावर बोलावलं. म्हणाली, "पंप अडला का आमी पयले जाळी पायतो. हिची बी टाकी उपसली, तळची जाळी काढली." पदराची गाठ सोडून तळहात पुढे केला. पेट्रोलने काळं पडलेलं तुळशीचं पान.
देवीदासला सांगितलंस का, विचारलं. म्हणाली, "नाई. तुमी सांगसान म्हनून थांबली." मग नाल्याकडच्या दोन ओळी दाखवल्या. तिथे गाडी जात नाही. पंप माझ्यापुढे ठेवला.
उचलला. पहिल्याच झाडाशी जानवं पट्ट्यात अडकलं. दुसरी ओळ संपता संपता देवीदास गाडी घेऊन आला. काळजीने विचारलं, "महाराज, तुमी काहून पंप उचलला?"
आता सांगायचंच, म्हणून तोंड उघडलं.
म्हणालो, "व्यायाम."
जयवंता ऐकत होती. तिने पान पुन्हा पदराला बांधलं.