वर एक, खाली एक

३ फेब्रुवारी, सोमवार
व्याराबाईंनी नवीन खूळ काढलं. आमच्या साप्ताहिकाच्या त्या संपादक. मी निवृत्त मुद्रितशोधक—अजून फुकटच्या कॉफीसाठी जातो. तिसऱ्या पानाला जाहिरात नाही, अर्धं पान मोकळं. म्हणे, 'रुसी, जुन्या अंकातला एक मथळा घे आणि पुढे काय झालं ते लिही.'
पुढे काय झालं ते मला काय ठाऊक!
'ठाऊक असतं तर बातमीच झाली असती. थाप मार.'
आधीचे संपादक निदान सांगून सवरून थापा मारायला लावत नसत.

६ फेब्रुवारी
छापून आलं. मथळा: 'शहरात पहिला सिग्नल बसवला.' पुढे काय झालं—सिग्नल लालवरच अडकला. गावात तेव्हा एक ट्रक, एक मोटारसायकल आणि एक गाढवगाडी. ट्रकवाला शिव्या घालून निघून गेला. गाढव शिस्तीचं, अंधार पडेपर्यंत उभं राहिलं. पुढे ते लाल काहीही दिसलं की थांबायचं—टोमॅटो, स्वेटर, पक्षाची लाल झेंड्यांची मिरवणूक. मिरवणुकीपुढे थांबलं म्हणून पदक मिळालं.
आईला वाचून दाखवलं. नव्वदी उलटली, कान अजून तिखट. 'खोटारडा!' म्हणाली. आणि पुन्हा वाचायला लावलं.

८ फेब्रुवारी
बाजारात लाम्बीकाकांनी धरलं. 'ते गाढव आमचं!'
काका, ते मी रचलंय.
'तू रचलंस? अरे, लाथ मला बसलीय!' भर बाजारात विजार वर करून वण दाखवला. वण खरा आहे. काही समजेनासं झालं.

१३ फेब्रुवारी
'सामुदायिक शेतात विक्रमी भोपळा.' पुढे काय झालं—भोपळा प्रदर्शनासाठी सभागृहात नेला, तो दारातून बाहेर येईना. (आत कसा गेला, ते विचारू नये.) शनिवारी तिथे लग्न होतं. ते भोपळ्याभोवतीच लावलं.

१५ फेब्रुवारी
आमच्या शेजारच्या तोत्कामावशी लग्नाचा फोटो घेऊन कचेरीत हजर. 'ते लग्न माझंच!'
मावशी, यात भोपळा कुठाय?
'फोटोवाल्यानं कापला. नवरा दिसायला हवा ना!'
व्याराबाई खूश. मी नाही. ते लग्न मीच रचलं ना? काल शपथेवर सांगितलं असतं. आज धीर होत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
चर्चला. आईनं नेहमीसारख्या दोन मेणबत्त्या घेतल्या. दोन्ही ओग्न्यानच्या, माझ्या थोरल्या भावाच्या. एक वरच्या तबकात, जिवंतांच्या; तिथे तिचा हात पुरत नाही, ती मी लावतो. एक खाली वाळूत, गेलेल्यांच्या. विशीतला होता. सीमा बंद होती त्या काळात, एका रात्री डोंगर चढून चोरून ग्रीसकडे निघाला. गोळ्यांचे आवाज आम्ही ऐकले. पुढे काहीच नाही. नंतर आमची जुनी आळी धरणाखाली गेली, आम्हाला या इमारतीत आणून टाकलं. आता तो आला तरी शोधणार कुठे?
पाद्री आज वैतागले. 'आजी, एकच माणूस दोन्हीकडे कसा असेल?'
'कुठे आहे ते तुम्ही सांगा. दुसरी लावणार नाही.'
परतताना आई रस्त्यात थांबली. 'गाढवाचं पुढे काय झालं ते लिहिलंस. भोपळ्याचं लिहिलंस. आता माझ्या पोराचं लिही.' शनिवारी मृतांचा दिवस आहे, गेलेल्यांच्या नावानं उकडलेले गहू वाटतात. 'त्याच्या नावानं गहू वाटायचे की नाही, एवढं मी जायच्या आत मला कळू दे.'
मला कुठलं कळायला!

१८ फेब्रुवारी
त्या रात्रीनंतरचा अंक काढला. मथळा: 'सीमेवर रात्र शांत.' बस्स! गोळ्या आम्ही आमच्या कानांनी ऐकल्या. मग खरं काय, कान की कागद? तीन वेळा लिहायला बसलो, तीन वेळा उठलो.

२० फेब्रुवारी
छापलं. पुढे काय झालं—रात्र इतकी शांत होती की पहारेकरी झोपून गेले. एक पोरगा त्यांच्या बुटांवरून उडी मारून पलीकडे. तिकडे ग्रीसमधल्या सलोनिका शहरात मिठाईचं दुकान टाकलं. स्वतःचाच बाकलावा खाऊन लठ्ठ झाला. बायको उंच, सारखी दटावते. आता त्याला डोंगर चढवत नाही, म्हणून येत नाही.
एक गोष्ट लिहिली नाही. जाताना त्यानं आईचं कॉफीचं तांब्याचं भांडं नेलं. कोट नाही, पाव नाही—भांडं! हे मला आणि आईलाच ठाऊक.
वाचून दाखवलं. आई खोटारडा म्हणाली नाही. तेच वाईट वाटलं.

२१ फेब्रुवारी
घरी रीघ! लाम्बीकाकांनी ओग्न्यानला सलोनिकात पाहिलंय—'असा गोल गरगरीत!' तोत्कामावशींनी त्याचा बाकलावा खाल्लाय, पाक जरा कमी होता. आई प्रत्येकाला बसवते, पाणी देते, आणि एकच विचारते: 'जाताना काय नेलं होतं त्यानं?'
पैसे? बंदूक? आईचा फोटो?
'बरं. या आता.'
दर वेळी मीही कान देऊन ऐकतो. मीच रचलेल्या माणसाची मीच वाट बघतोय! मूर्ख.

२२ फेब्रुवारी, मृतांचा दिवस
गहू उकडले. वाटले नाहीत. साखर घालून आम्हीच खाल्ले.

२५ फेब्रुवारी
व्याराबाईंना सांगितलं, सदर बंद. 'वेडा का तू? अंक आता ग्रीसला जातो! तिकडे कामाला गेलेल्या बायकांना घरची माणसं बसनं पाठवतात.'
वाचायला?
'बरण्या गुंडाळायला.'
एवढीच माझ्या लेखणीची किंमत! घरी आलो तर आई खिडकीशी. 'एवढा लठ्ठ, तर जिना चढवत असेल का रे त्याला?' मी रचलंय हे ती विसरली, की तिला विसरायचंय? असं लिहायला नको होतं. फार चुकलं.

२ मार्च, क्षमेचा रविवार
आज धाकट्यांनी थोरल्यांची क्षमा मागायची. सकाळपासून फोन चालूच, भाचे, भाच्या. मग एक आवाज. बोली आमचीच, पण गंजलेली. 'व्याराबाईंनी नंबर दिला. लठ्ठ नाहीये मी. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तू मिरच्यांच्या बरणीला गुंडाळून आलास, रुसी.'
फोन आईला दिला. तिनं नाव विचारलं नाही. 'काय नेलंस?' एवढंच. मग ऐकत राहिली. मग अशी ओरडली की तोत्कामावशी पळत आल्या—
'मेल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी कॉफी कशात करायची होती?'
चर्चला उशीर झाला. आईनं एकच मेणबत्ती घेतली. वरच्या तबकाला तिचा हात पुरेना. नेहमीसारखी मी लावतो म्हटलं.
'हो बाजूला,' म्हणाली.